मधल्या फळीचा हिशेब: मोजणी आधी आली, भागाकार उशिरा

२००३ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिद या स्पॅनिश फुटबॉल क्लबने मँचेस्टर युनायटेडकडून डेव्हिड बेकहॅमला आणलं आणि मधल्या फळीत, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्या मध्ये खेळणाऱ्या क्लोद मॅकेलेलेला चेल्सी या इंग्लिश क्लबकडे जाऊ दिलं. झिदान, फिगो, ब्राझीलचा रोनाल्डो या संघातल्या ताऱ्यांच्या मानाने मॅकेलेलेचा पगार अगदीच कमी होता आणि त्याने वाढ मागितली होती. त्याला सोडल्याचं समर्थन करताना अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेस म्हणाले, की त्याला डोक्याने चेंडू मारणं जमत नाही आणि त्याचा पास तीन मीटरच्या पलीकडे क्वचितच जातो. झिदानला हे पटलं नाही. बेंटलीचं इंजिनच काढून घेताय, मग वर सोन्याचा आणखी एक थर कशाला, असं त्याने विचारलं. पुढच्या मोसमात माद्रिदने लीगमधले शेवटचे पाचही सामने गमावले आणि संघ चौथा आला. चेल्सीने २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल होऊ दिले आणि लीग जिंकली. त्यात गोलरक्षक चेकचा, बचावपटू टेरीचा आणि प्रशिक्षक मुरिन्योच्या शिस्तीचाही वाटा होता, पण त्या भिंतीपुढे रोज उभा असायचा तो मॅकेलेले.

पेरेस खोटं बोलले नव्हते. मॅकेलेले जवळच्याच माणसाला पास द्यायचा, कारण चेंडू हिसकावून तो झिदानच्या पायाशी नेऊन ठेवणं हेच त्याचं काम होतं. लांब पास देणाऱ्या बेकहॅमच्या कामाची फूटपट्टी त्याला लावली गेली, तिथे हिशेब चुकला. मधल्या फळीच्या मूल्यमापनाचा बराचसा इतिहास याच चुकीभोवती फिरतो, असं मला वाटतं.

ही चूक पुन्हा पुन्हा होते, कारण ‘सेंट्रल मिडफिल्डर’ या एका नावाखाली तीन-चार निराळी कामं येतात. जुन्या २-३-५ रचनेत (दोन बचावपटू, मध्ये तिघे, पुढे पाच) मधल्या तिघांतला मधला, म्हणजे सेंटर हाफ, हा संघाचा कणा असायचा. बचावही त्याचा आणि चढाईची सुरुवातही त्याचीच. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला, चेंडू घेणाऱ्या आणि गोलच्या मध्ये तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागलं, आणि मोकळे सुटणारे आक्रमक रोखायला सेंटर हाफला मागे बचावफळीत ओढलं गेलं. त्याची मधली कामं मग इतरांत वाटली गेली, आणि प्रत्येक देशाने ती आपापल्या परीने वाटली. ब्राझीलमध्ये बचावफळीसमोर खेळणारा ‘व्होलांते’ झाला, फ्लामेंगोकडून खेळलेल्या कार्लोस व्होलांते या अर्जेंटिनी खेळाडूच्या नावावरून. इटलीत खेळाची सूत्रं हलवणारा ‘रेजिस्ता’ वेगळा आणि धावून धावून चेंडू मिळवणारा ‘मेदियानो’ वेगळा. मिलानमध्ये रेजिस्ता पिर्लो आणि मेदियानो गात्तुसो शेजारी शेजारी खेळत. दोघांचे पास मोजून सरस कोण ते ठरवणं म्हणजे सुताराने किती विटा रचल्या ते विचारण्यासारखं आहे.

मोजणीची गोष्ट सांगताना १८ मार्च १९५० ही तारीख येतेच. रॉयल एअर फोर्समध्ये हिशेबाचं काम करणारे चार्ल्स रीप त्या दिवशी स्विंडन टाउन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स हा सामना बघत होते. मध्यंतरानंतर त्यांनी वही-पेन्सिल काढली आणि स्विंडनची प्रत्येक चढाई टिपायला घेतली. पुढे अनेक वर्षं ते टिपत राहिले. निष्कर्ष असा निघाला, की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमधून होतात. म्हणजे चेंडू लवकरात लवकर पुढे मारा. इंग्लंडमध्ये हे अनेकांनी मनावर घेतलं आणि मधल्या फळीच्या डोक्यावरून चेंडू उडू लागला.

गोम अशी, की फुटबॉलमध्ये बहुतेक चढाया मुळातच तीन पासच्या आत संपतात. त्यामुळे गोलही तिथेच जास्त दिसणार. किती चढायांमागे एक गोल, हा भागाकार रीप यांच्या निष्कर्षात नव्हता. २००५ मध्ये संशोधकांनी तो केला, तेव्हा यशस्वी संघांना पासच्या लांब साखळ्याच अधिक फळतात असं दिसलं. एका भागाकाराच्या अभावी मधल्या फळीचं केवढं अवमूल्यन झालं, याची मला आजही हळहळ वाटते.

टॅकलचंही, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घेण्याचंही, तसंच. १९९६ मध्ये ऑप्टा ही आकडेवारी गोळा करणारी कंपनी आली आणि पास, टॅकल, इंटरसेप्शन (वाटेत अडवलेले पास) यांचे आकडे घरोघरी पोचले. २०१५-१६ मध्ये इंग्लंडची लीग जिंकणाऱ्या लेस्टरच्या एन्गोलो कांतेच्या नावावर त्या लीगमध्ये १७५ टॅकल होते. पण लेस्टर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे राहू देणारा संघ होता, आणि चेंडू समोरच्याकडे जास्त वेळ असला की टॅकलची संधीही जास्त मिळते. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यातल्या वेळाने भागण्याची पद्धत आली. कांते पुढच्याच वर्षी चेल्सीकडून पुन्हा विजेता ठरला, म्हणजे संघ बदलण्याच्या कसोटीलाही तो उतरला. सगळेच उतरत नाहीत.

यापुढचं पाऊल मधल्या फळीत खेळलेल्यांनीच उचललं, याचा मला आनंद वाटतो. लेव्हरकूझेन या जर्मन क्लबकडून खेळलेले श्टेफान राइनार्ट्स आणि येन्स हेगेलर यांनी ‘पॅकिंग’ची पद्धत काढली. एका पासने किंवा ड्रिबलने (चेंडू पायाशी घेऊन पुढे जाण्याने) किती प्रतिस्पर्धी मागे पडले ते मोजायचं, आणि पास घेणाऱ्यालाही श्रेय द्यायचं. २०१६ च्या युरो स्पर्धेत जर्मन टीव्हीवर हे आकडे दिसले. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझील जर्मनीकडून १-७ असा हरला, त्या सामन्यात एकूण फटके ब्राझीलचेच जास्त होते. नुसत्या मोजणीला जे दिसत नव्हतं ते दाखवायला अशीच एखादी पद्धत हवी होती.

तरी पुष्कळ काही निसटतंच. चेंडू दूर असताना मिडफिल्डर खांद्यावरून मागे बघतो, पुन्हा बघतो, दोन पावलं डावीकडे सरकतो. समोरच्या बचावपटूला स्ट्रायकरकडे जाणारी वाट बंद दिसते आणि तो चेंडू गोलरक्षकाकडे परत देतो. नोंदीत काय राहतं? बचावपटूचा एक अचूक पास. ज्याने वाट बुजवली त्याचं नाव कुठेच नाही. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी प्रीमियर लीगमधल्या ११८ खेळाडूंचं हे मान वळवून बघणं मोजलं. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा बघतात त्यांचे पासही जास्त यशस्वी होतात, असं त्यांना आढळलं. चेल्सीचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड त्यात अगदी वरच्या रांगेत होता.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचं. त्यांच्या फातोर्ड्याच्या मैदानावर स्ट्रायकर कोरोच्या गोलांची आठवण निघते. २०१७-१८ मध्ये १८, पुढच्या मोसमात १६. त्याच्यामागे मधल्या फळीत लेनी रॉड्रिग्ज आणि अहमद जाहू होते, त्यांची आठवण तितकी निघत नाही. गोवा २०१९-२० मध्ये साखळीत पहिला आला. मग जाहू मुंबई सिटीकडे गेला आणि २०२०-२१ मध्ये मुंबई पहिली आली. गोव्याचे फॉल आणि बूमूस हे खेळाडूही त्याच वाटेने मुंबईला गेले होते, म्हणून सगळं माप जाहूच्या पदरात टाकता येत नाही.

माणूस नसताना काय होतं, ही तुलना मॅकेलेलेपासून चालत आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीचा मिडफिल्डर रॉद्री याचा गुडघा दुखावला आणि त्याचा मोसमच जवळपास संपला. २८ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये तो कुबड्या घेऊन मंचावर गेला आणि त्याने बलोन दोर हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार स्वीकारला. दोनच दिवसांनी सिटी टॉटनहॅमकडून हरली आणि त्यानंतरचे चार सामनेही हरली. त्या आठवड्यांत सिटीचे इतरही महत्त्वाचे खेळाडू जायबंदी होते. त्या पाच पराभवांतले रॉद्रीच्या गैरहजेरीचे किती, हे वेगळं काढणारा भागाकार अजून कोणाला सापडलेला नाही.