फुग्याची मान

मे महिन्यात नागपुरात कुणाचं डोकं दुखलं, की निदान घरातच होतं: ऊन लागलं. मग पन्हं, खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण एक डोकेदुखी वीज पडावी तशी येते. मिनिटभरात असह्य होते, उलट्या होतात, मान ताठरते. तिथे पन्ह्यात घालवलेली दुपार महागात पडते.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं आहे. धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे रक्ताचा मारा भिंतीवर सरळ बसतो आणि जुन्या कूलरचा पाइप जोडापाशी फुगावा तसा तिथे फुगा येतो. हाच अॅन्युरिझम. शंभरातल्या साधारण तिघांच्या डोक्यात तो असतो, आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. वाढलेला रक्तदाब आणि सिगारेट मात्र त्याच्या जिवावर उठलेल्या. म्हणजे आपल्याच. एकदा फुटला, की वीज पडावी तशी ती डोकेदुखी येते, आणि पहिल्या 24 तासांत पुन्हा फुटण्याची भीती सर्वांत जास्त.

शस्त्रक्रियेचा सगळा खेळ या फुग्याच्या मानेवर, म्हणजे तो धमनीला जिथे जोडलेला असतो त्या अरुंद भागावर, चालतो. 1937 साली अमेरिकेत, बाल्टिमोरला, शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी फुग्यात रक्त जाऊ नये म्हणून त्या मानेला चांदीची क्लिप, म्हणजे चिमटा, लावली. आता क्लिप अनेकदा टायटॅनियमची असते. कानशिलाजवळ कवटीचा तुकडा काढायचा, मेंदू न कापता त्याच्या दोन घड्यांमधली फट मायक्रोस्कोपखाली उलगडत खाली उतरायचं. क्लिपमध्ये मान यायला हवी, शेजारची केसाएवढी धमनी नको. ती धमनी चिमटली गेली तर फुगा बंद, आणि कदाचित हातही लुळा.

1990 च्या सुमारास डॉक्टर गुग्लिएल्मी यांनी आतून वाट काढली: जांघेतल्या धमनीतून बारीक नळी, तिच्यातून फुग्यात प्लॅटिनमची कॉइल, म्हणजे फुगा आतून भरून टाकणारी तारेची गुंडाळी. 2002 साली फुगा फुटलेल्या 2143 रुग्णांमध्ये कॉइल आणि क्लिपची तुलना करणाऱ्या चाचणीचे निकाल आले. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी झालेले कॉइलच्या गटात शंभरात 24, क्लिपच्या गटात 31. मग क्लिप मोडीत निघाली? नाही. मान रुंद असेल तर कॉइल बाहेर घसरते, काही फुगे पुन्हा भरतात. तिथे क्लिपच भरवशाची.

रामदासपेठेतल्या आयसीयूबाहेर गोंदिया-गडचिरोलीहून आलेले नातेवाईक विचारतात, "ऑपरेशन तर झालं न, मग सोडत काहून नाही?" कारण सांडलेल्या रक्तामुळे चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान धमन्या आक्रसतात आणि धडधाकट वाटणाऱ्या माणसाची वाचा जाऊ शकते. म्हणून निमोडिपिन हे औषध दर 4 तासांनी, 21 दिवस. रात्री दोन वाजता झोपेतून उठवूनसुद्धा.