पांडवलेणी, नाशिक

पांडवलेणी : नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ८ किमी. अंतरावर, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात कोरलेला बौद्ध लेण्यांचा समूह. लेणी एकूण २४. त्यांपैकी क्र. १८ चे लेणे चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह) आहे. उरलेले बहुतेक विहार, म्हणजे भिक्षूंची निवासस्थाने. महाभारतातील पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. महाराष्ट्रात कोरीव लेणे दिसले की ते पांडवांच्या नावावर टाकण्याची जी जुनी रीत आहे, तीतून हे नाव रूढ झाले. शिलालेखांत ते कोठेही येत नाही.

गुहा आणि लेणे हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी येथे भेद पाळणे आवश्यक आहे. बस्तरमधील कुटुमसर किंवा आंध्रातील बोर्रा या चुनखडकातील गुहा पाण्याने घडवल्या. कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पावसाचे पाणी चुनखडक झिजवते आणि तोच चुना थेंबाथेंबाने पुन्हा साचून छताला लोंबते व तळावर उभे खांब तयार होतात. नाशिकचा खडक बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. तो पाण्यात तसा विरघळत नाही. त्यामुळे चुनखडकातील गुहा पाहून आलेला पर्यटक येथे वाटाड्याला ‘लोंबते दगड कुठे आहेत?’ असे विचारतो, तेव्हा उत्तर सरळ आहे : येथील प्रत्येक खांब छिन्नीचा आहे. पाणी येथेही आहे, पण ते कोरीव टाक्यांत. लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि दान देणाऱ्याने लेण्याबरोबर पोढ्यांचाही आवर्जून उल्लेख केला आहे.

डोंगराचे नाव : क्षहरात वंशातील शक क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याच्या संस्कृतमिश्रित लेखात ‘गोवर्धने त्रिरश्मिषु पर्वतेषु’ असा अनेकवचनी निर्देश आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आज्ञालेखात ‘तेकिरसि’ आणि त्याचा मुलगा पुळुमावी याच्या काळातील लेखात ‘तिरण्हु’ अशी रूपे येतात. त्रिरश्मी म्हणजे तीन किरण, हा अर्थ डोंगराच्या निमुळत्या आकाराशी किंवा शेजारच्या तीन टेकड्यांशी जोडण्याचा प्रयत्न झाला आहे. अडचण व्युत्पत्तीची आहे. प्राकृतात ‘ण्ह’ हा जोड सामान्यतः ‘ष्ण’ किंवा ‘क्ष्ण’ यांपासून येतो (कृष्ण-कण्ह, तीक्ष्ण-तिण्ह). ‘रश्मि’पासून ‘रस्सि’सारखे रूप अपेक्षित असते. म्हणून ‘तिरण्हु’ हे मूळचे स्थानिक नाव असावे आणि ‘त्रिरश्मी’ हे त्याचे सुसंस्कृत केलेले रूप असावे, ही शक्यता अधिक सयुक्तिक वाटते. ‘तेकिरसि’ मात्र या तर्काला पूर्णपणे साथ देत नाही. लेखांतील गोवर्धन हे नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी असलेले आजचे गोवर्धन होय, याबद्दल सहसा वाद नाही.

काल : सर्वांत जुने लेणे क्र. १९ हे असावे. तेथील छोट्या लेखात सादवाहन (सातवाहन) कुळातील कण्ह राजा असताना नासिकच्या महामात्राने (वरिष्ठ अधिकाऱ्याने) लेणे करविल्याचे म्हटले आहे. हा कण्ह पुराणांतील दुसरा सातवाहन राजा कृष्ण मानला जातो. त्याचा काळ कोणी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभी, तर कोणी पहिल्या शतकात धरतात. अक्षरवटिका, म्हणजे अक्षरांची वळणे, पाहता नंतरचा काळ अधिक जुळतो. ‘नासिक’ हे नगरनाम येथे कोरीव अक्षरांत मिळते, म्हणजे शूर्पणखेच्या नाकाची कथा बाजूला ठेवली तरी नाव दोन हजार वर्षे जुने ठरते.

खरा वाद नहपानाच्या वर्षांचा आहे. क्र. १० च्या लेण्यातील उषवदाताच्या लेखांत ४१, ४२ आणि ४५ ही वर्षे येतात, जुन्नरच्या अयम अमात्याच्या लेखात ४६. ही शक संवताची (आरंभ इ.स. ७८) वर्षे मानली, तर नहपानाचा शेवट इ.स. १२४ च्या सुमारास येतो; जुन्या पिढीतील बहुतेकांनी हेच धरले. ती नहपानाची स्वतःची राज्यवर्षे मानणारे त्याला इ.स. पहिल्या शतकात, ७८ च्या आधी, नेतात. त्यांचा आधार म्हणजे पहिल्या शतकातील ग्रीक सागरी वृत्तांतात भडोचच्या प्रदेशाचा राजा म्हणून आलेले ‘मंबनोस’ हे नाव (हा नहपानच, असे ते मानतात), आणि कच्छमधील अंधौ येथील चष्टन या दुसऱ्या क्षत्रपाचा ११ व्या वर्षाचा लेख. चष्टन शक ११ म्हणजे इ.स. ८९ मध्येच सत्तेवर असेल, तर त्यानंतर पस्तीस वर्षे गुजरातेत नहपानाला जागा शोधावी लागते. नाण्यांचे अभ्यासक अलीकडे या दुसऱ्या मताकडे झुकलेले दिसतात, आणि ते मत सहज बाजूला सारता येण्यासारखे नाही. नहपानानंतर लगेच गौतमीपुत्र आला, याविषयी मात्र दुमत नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे.

शिलालेख : क्र. १० मधील ४२ व्या वर्षाचा लेख हिशेबाच्या वहीसारखा वाचता येतो. उषवदाताने संघासाठी ३,००० कहापण (कार्षापण, चांदीची नाणी) कायम ठेव म्हणून गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींत, म्हणजे व्यावसायिक संघांत, गुंतवले : २,००० दरमहा शेकडा एक दराने, १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेख सांगतो की वर्षावासातील (पावसाळ्यातील मुक्कामाच्या) वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी (वस्त्रासाठी) मिळावेत. वीस गुणिले बारा, २४०. एकही कहापण शिल्लक राहत नाही. (या विहारात खोल्या सोळाच आहेत, वीस भिक्षू कसे राहत, हे लेखकाने सांगितलेले नाही.) मूळ शब्द ‘कोलिक’ म्हणजे विणकर, त्याचा संबंध कोळी समाजाशी जोडण्याचा मोह टाळावा. पुढे ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी) असा हिशेब येतो, त्यावरून एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा भाव निघतो.

क्र. ३ मधील गौतमीपुत्राचा १८ व्या वर्षाचा आज्ञालेख गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला उद्देशून आहे. त्याने अपरकखडी गावातील, पूर्वी उषभदाताकडे (उषवदाताकडे) असलेले २०० निवर्तन (जमिनीचे एक जुने माप) शेत भिक्षूंना दिले. शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलतीही नोंदल्या आहेत. सहा वर्षांनी दुसरी आज्ञा निघते : ते शेत कसले जात नाही, गाव वसत नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातले १०० निवर्तन द्यावे. दान दगडात कोरले गेले आणि जमीन पडीक राहिली. कारभाराची ही कबुली राजप्रशस्तीत सापडत नाही. त्याच लेण्यात, पुळुमावीच्या १९ व्या वर्षी, राजमाता गौतमी बलश्रीने मुलाची जी प्रशस्ती कोरविली, ती बहुतेक पाठ्यपुस्तकांत येते : (नहपानाचा) क्षहरात वंश निःशेष करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित करणारा, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले तो. लेणे भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिलेले आहे.

क्र. १७ दत्तामित्री येथील यवन (ग्रीक) इंद्राग्निदत्ताचे, तर क्र. १८ चे चैत्यगृह पूर्ण करणाऱ्यांत भटपालिका नावाची स्त्री आहे. त्याच्या दर्शनी भागावर धंबिक गावाच्या दानाचाही लेख आहे. क्र. १० च्या अंगणातील भिंतीवर आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षाचा लेख आहे. त्यात विष्णुदत्ता या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, तेली इत्यादींच्या श्रेणींत ठेवी ठेवल्या.

वास्तू : क्र. ३ आणि क्र. १० ही जुळी वाटावीत इतकी सारखी आहेत, क्र. ३ ची ओसरी अर्ध्या मानवाकृती आपल्या खांद्यांवर पेलतात. क्र. २० मूळ यज्ञ सातकर्णीच्या ७ व्या वर्षी पूर्ण झाले आणि नंतरच्या महायान काळात आत खोल वाढवून तेथे बुद्धमूर्ती कोरली गेली. क्र. ११ मध्ये जैन शिल्पेही आहेत.

दर्शन : लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असून तिकीट घेऊन पाहता येतात. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक व बुद्धविहार आहे. पायऱ्या दोनशेच्या घरात. माकडांपासून हातातली पिशवी सांभाळावी लागते. वाटाडे बहुधा मूर्ती आणि खांब दाखवून पुढे सरकतात. लेख ओसरीच्या भिंतींवर, डोळ्यांच्या पातळीच्या वर आहेत. सरळ उजेडात ते नुसत्या खरवडीसारखे दिसतात आणि तिरप्या उजेडात अक्षरे उठून येतात.