धोतरांचे गाव आणि पुण्याची मालकी

१९ नोव्हेंबर २०१० रोजी पुण्याच्या, कोंबडी-अंड्यांचा धंदा करणाऱ्या व्यंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लिश फुटबॉल क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला, आणि क्लबच्या डोक्यावरचे कर्जही आपल्या खांद्यावर घेतले. प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीतला, क्लब भारतीय उद्योगसमूहाच्या हाती जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या दीड वर्षात तो क्लब तळाशी राहून प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला आणि अजून परतलेला नाही. आपल्याकडे हा विषय निघाला की मैदानात सोडलेल्या कोंबडीची आठवण निघते, लोक हसतात आणि गोष्ट तिथेच संपते. मला ती कोंबडीपासून सुरू करणे अन्यायाचे वाटते. ती कापडापासून सुरू होते.

ब्लॅकबर्न हे लँकेशरमधले विणकरांचे गाव. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मागांवर निघणाऱ्या साध्या सुती कापडाचा फार मोठा वाटा भारतात खपत असे, आणि त्यात धोतरे असत. तिथल्या व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांत हा शब्द त्यांच्या उच्चाराने का होईना, पण नित्याचा होता. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली, ती अशाच गावांतून आलेल्या मालाची. पुढे पहिल्या महायुद्धानंतर भारताची बाजारपेठ हातची जाऊ लागली आणि ब्लॅकबर्नच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेनला गेले, बेकार झालेल्या कामगारांना भेटले. ज्यांच्या पोटावर बहिष्काराने पाय आला होता, त्या गिरणी कामगार बायकांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. त्या भेटीचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर उरल्यासुरल्या गिरण्यांत काम करायला गुजरातेतून आणि पाकिस्तानातून माणसे आली, त्यांची मुले-नातवंडे तिथलीच झाली. आज त्या भागातली सुमारे एक तृतीयांश वस्ती दक्षिण आशियाई वंशाची आहे.

पैशाच्या जोरावर फुटबॉल बदलण्याची सुरुवातही याच गावाने केली, हे फारसे सांगितले जात नाही. १८८३ पर्यंत एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा म्हणजे बड्या घरच्या, खासगी शाळांत शिकलेल्या हौशी खेळाडूंची मिरास होती. त्या वर्षी ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या गिरणी कामगारांच्या संघाने अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सला २-१ असे हरवले. त्यांच्या मागे गावातल्या एका लोखंडी ओतकामाच्या कारखानदाराचा पैसा होता. सामन्याआधी संघाला समुद्रकिनारी सरावाला नेण्याचा खर्च त्यानेच उचलला. दुसरा क्लब रोव्हर्स. त्याची स्थापना १८७५ ची. त्याने स्कॉटलंडहून आलेल्या फर्गस सुटरसारख्या खेळाडूंना जवळ केले. सुटर मूळचा पाथरवट, पण इंग्लंडमध्ये त्याचे पोट फुटबॉलवर चालते हे सगळ्यांना ठाऊक होते. खेळाचे पैसे घेणे तेव्हा नियमात बसत नव्हते. १८८५ मध्ये ते बसवावे लागले. रोव्हर्सने १८८४ पासून सलग तीन वर्षे एफए कप जिंकला आणि १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या बारा क्लबांत त्याचे नाव होते. ऑलिम्पिक मात्र १८८९ मध्ये बंद पडला. एका गावात दोन संघ पोसण्याइतका पैसा नव्हता.

क्लब कंपन्या झाले तरी फुटबॉल असोसिएशनने त्यांना वेसण घालून ठेवली होती. लाभांशावर मर्यादा, संचालकांना पगार नाही. क्लबमधून पैसा काढता येणार नाही, अशी ती तजवीज होती. त्यामुळे अनेक दशके इंग्लिश क्लबांचे मालक म्हणजे गावातलेच खाटीक, दारू गाळणारे, बांधकाम कंत्राटदार. त्यांना मिळायची ती प्रतिष्ठा आणि शनिवारी बसायला चांगली खुर्ची. ही वेसण १९८० च्या दशकात सैल पडली. संचालकांना पगार घेण्याची मुभा मिळाली, आणि १९८३ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबने वर एक वेगळी कंपनी उभारून शेअर बाजार गाठला. वरच्या कंपनीला फुटबॉल असोसिएशनचे नियम लागू नव्हते. पळवाट सापडली की तीच हमरस्ता होते. पुढे बहुतेक मोठ्या क्लबांनी ती धरली.

जॅक वॉकर या दोन काळांच्या सीमेवरचा माणूस. जन्म ब्लॅकबर्नचा, १९२९ चा. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. वडिलांचे पत्र्याचे छोटे वर्कशॉप त्याने आणि त्याच्या भावाने पोलादाच्या मोठ्या व्यापारात नेले, आणि १९८९ मध्ये तो धंदा ब्रिटिश स्टीलला ३० कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकला. इतका पैसा हाती आलेल्या माणसाने काय केले? लहानपणापासून ज्या संघासाठी गळा बसेपर्यंत ओरडला होता, तो दुसऱ्या श्रेणीत रखडलेला संघ १९९१ मध्ये ताब्यात घेतला. त्याच ऑक्टोबरात केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून आणले. लिव्हरपूलला विजेतेपदे मिळवून देणारा हा माणूस दुसऱ्या श्रेणीतल्या संघाकडे आला याचेच लोकांना नवल वाटले. १९९२ च्या मेमध्ये रोव्हर्स वर चढले, नेमक्या त्याच उन्हाळ्यात प्रीमियर लीग सुरू होत होती.

प्रीमियर लीग म्हणजे बड्या क्लबांनी टीव्हीच्या पैशासाठी मांडलेली वेगळी चूल. पाच वर्षांचा पहिला करार ३० कोटी ४० लाख पौंडांचा होता. जुन्या लीगमध्ये टीव्हीचा पैसा खालच्या श्रेणींपर्यंत झिरपत असे. आता तो वरच राहणार होता. जगभरच्या प्रेक्षकांना ज्या लीगने वेड लावले, तिच्या मुळाशी ही वाटणी आहे, आणि ब्लॅकबर्नसारख्या लहान गावाला पुढे जे भोगावे लागले तेही याच वाटणीतून आले.

पण आधी सुखाचे दिवस. गोल करणारा आघाडीवीर अॅलन शिअरर ३३ लाख पौंडांना आला, १९९४ मध्ये ख्रिस सटन ५० लाखांना. दोन्ही वेळा तो ब्रिटनमधला विक्रम होता. रोव्हर्सच्या ईवूड पार्क मैदानाच्या तीन बाजू पाडून नव्याने उभ्या राहिल्या. लाखभर वस्तीच्या गावात एकतीस हजारांचे स्टेडियम. १९९४-९५ च्या मोसमात शिअररने ३४ गोल केले. १४ मे १९९५ रोजी शेवटचा सामना लिव्हरपूलशी, त्यांच्याच अॅनफील्डवर. शिअररने आघाडी मिळवून दिली, जॉन बार्न्सने बरोबरी केली, आणि अगदी शेवटच्या क्षणी जेमी रेडनॅपच्या फ्री किकने रोव्हर्स हरले. काही सेकंद मैदानावर सुतक. मग लंडनहून बातमी आली की विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध १-१ च्या पुढे जाता आले नाही. सामना हरलेला संघ इंग्लंडचा विजेता झाला, आणि अॅनफील्डचे प्रेक्षकही आपल्या जुन्या डॅल्ग्लिशसाठी टाळ्या वाजवत उभे राहिले. वॉकर रडला.

हे यश पैशाने विकत घेतले, असा आरोप तेव्हा झाला. तो खोटा नव्हता. पण त्या पैशामागचा माणूस गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता, तोटा झाला तर तो कोणाला होतोय हे ठाऊक होते, आणि चुकले तर सांगायला जागा होती. शिअरर १९९६ मध्ये दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला, १९९९ मध्ये संघ खाली घसरला, २००० च्या ऑगस्टमध्ये वॉकर गेला. त्याच्या मागे क्लब कुटुंबाच्या ट्रस्टकडे आला. संघ २००१ मध्ये परत वर आला, २००२ मध्ये लीग कप जिंकला, आणि मोजूनमापून खर्च करत नऊ-दहा वर्षे प्रीमियर लीगमध्ये टिकला. ही वर्षे फार कौतुकाची वाटत नाहीत, पण माझ्या मते क्लब चालवण्याचे खरे कौशल्य त्याच काळात दिसले.

दरम्यान बाजार बदलत होता. २००३ मध्ये रशियन धनाढ्य रोमन अब्रामोविचने लंडनचा चेल्सी घेतला. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा वाटा कर्जाचा होता आणि त्याचा बराचसा बोजा क्लबवरच टाकला गेला. चिडलेल्या पाठीराख्यांपैकी काहींनी त्याच वर्षी स्वतःचा वेगळा क्लब काढला. २००८ मध्ये अबू धाबीचा पैसा मँचेस्टर सिटीत आला, ऑक्टोबर २०१० मध्ये लिव्हरपूल ३० कोटींना अमेरिकन मालकांकडे गेला. २०१० पासूनच्या तीन वर्षांसाठी प्रीमियर लीगचे परदेशी प्रक्षेपण हक्क सुमारे १४० कोटी पौंडांना विकले गेले होते. मुंबई-पुण्यात शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसणारा मुलगा या हिशेबात गिऱ्हाईक म्हणून धरलेला होता. तो चाहता होता युनायटेडचा किंवा आर्सेनलचा; ब्लॅकबर्नचा फार क्वचित. पण लीगमधल्या वीसही क्लबांना परदेशी पैशाचा वाटा सारखा मिळत असे. म्हणजे २ कोटी ३० लाखांत त्या पंगतीतले एक पान मिळत होते. वॉकर ट्रस्टला क्लब विकायचाच होता.

घेणारे घर पुणेकरांना नवे नव्हते. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. 'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे' म्हणणारी अंडी समन्वय समिती उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता. पुण्याजवळ केतकावळ्याला प्रति बालाजीचे मंदिर याच समूहाने बांधले. १९९६ मध्ये राव गेल्यावर धंदा त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी यांनी वाढवला. शून्यातून उभा राहिलेला, शेतकऱ्यांशी जोडलेला हा उद्योग आहे. त्याला प्रीमियर लीगमधून जगभर नाव पोहोचवायचे होते. रोव्हर्सचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खाताहेत, अशी जाहिरातही त्यांनी केली.

पण कोंबडीच्या धंद्यात जे ज्ञान दोन पिढ्यांनी मिळवले होते, तसे फुटबॉलमध्ये हाताशी नव्हते. ते बाहेरच्या सल्लागारांकडून घ्यावे लागले. मालकी आल्यानंतर चोविसाव्या दिवशी, संघ तेराव्या क्रमांकावर असताना, मॅनेजर सॅम अॅलर्डाइसला काढले. त्याच्या हाताखालचा स्टीव्ह कीन त्या जागी आला. त्याआधी त्याने कुठल्याही संघाचे मॅनेजरपद सांभाळले नव्हते. जानेवारी २०११ मध्ये ब्राझीलचा नामांकित खेळाडू रोनाल्डिन्होला आणण्याचा प्रयत्न झाला; तो ब्राझीलमध्ये फ्लेमेंगोकडे गेला. फेब्रुवारीत क्लबचे अनुभवी अध्यक्ष जॉन विल्यम्स बाहेर पडले. माझ्या दृष्टीने खरे नुकसान इथे झाले. नऊ-दहा वर्षे थोडक्या पैशांत संघ टिकवून ठेवण्याचे शहाणपण ज्या माणसांच्या डोक्यात होते, ती माणसेच निघून गेली. त्या मोसमात रोव्हर्स शेवटच्या दिवशी वुल्व्ह्सला ३-२ असे हरवून वाचले.

ऑक्टोबर २०११ मध्ये तो संघ बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. इकडे कौतुक झाले. तिकडे पाठीराखे विचारत होते की लीगमधली लढाई ऐन भरात असताना इतक्या लांबचा प्रवास कशासाठी. दोन्हीकडचे म्हणणे समजण्यासारखे होते. पुणेकरांना आपल्या गावाच्या मालकीचा संघ डोळ्यांनी बघायचा होता, ब्लॅकबर्नकरांना तो वाचवायचा होता.

७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर विगनने शेवटच्या काही मिनिटांत गोल करून रोव्हर्सला खाली ढकलले. त्याच सामन्यात कोणीतरी क्लबच्या रंगांचे कापड गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या मोसमात मॅनेजर हेनिंग बर्गला ५७ दिवसांत आणि मायकेल अॅपल्टनला ६७ दिवसांत नारळ मिळाला. २०१७ मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकून नंतर तिथपर्यंत घसरलेला तो पहिला क्लब ठरला. मॅनेजर टोनी मोब्रेच्या हाताखाली २०१८ मध्ये तो एक पायरी वर आला आणि तेव्हापासून तिथेच आहे.

यात एक गोष्ट मालकांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. ज्या टीव्हीच्या पंगतीसाठी क्लब घेतला, ती दीड वर्षात उठली. कोणीही व्यापारी त्यानंतर मिळेल त्या भावात विकून मोकळा झाला असता. राव कुटुंबाने तसे केले नाही. दरवर्षीचा तोटा पुण्याहून भरला गेला, आणि ही रक्कम २० कोटी पौंडांच्या पुढे गेली आहे. क्लबवर बँकांचा फास बसला नाही, मैदान विकले गेले नाही. पण ते स्वतः क्वचितच तिकडे दिसतात आणि फारसे बोलत नाहीत. वॉकरचा पैसा दर शनिवारी माणसाच्या रूपात स्टँडमध्ये बसलेला असे, पुण्याचा पैसा बँकेतून येतो. तो किती आहे हे तिथल्या लोकांना ठाऊक असते, का येतो आणि कधीपर्यंत येईल हे नसते. २०२३ मध्ये तर भारतातून पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली, तेव्हा हजारो मैलांवरच्या त्या गावातले लोक आपल्याकडच्या सुनावणीच्या तारखा बघत बसले.

ब्लॅकबर्नच्या गल्ल्यांत राहणारी भारतीय-पाकिस्तानी वंशाची माणसे ईवूड पार्कपासून पिढ्यानपिढ्या दूर राहिली होती. क्लबने अलीकडे तो दुरावा मिटवायला घेतला. २ मे २०२२ रोजी ईदची नमाज मैदानाच्या हिरवळीवर झाली. ब्रिटनमध्ये हा मान देणारा रोव्हर्स पहिला क्लब. गावातल्या पोरांसाठीची अकादमीही वाईट दिवसांत बंद पडू दिली नाही. अॅडम व्हार्टन ब्लॅकबर्नचाच, सहाव्या वर्षी तिथे आला आणि विशीच्या आत पहिल्या संघाचा कणा बनला. २०२४ च्या फेब्रुवारीत, पुण्याहून येणाऱ्या पैशाची वाट बिकट असताना, तो सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसकडे गेला. चार-पाच महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या संघात होता.