बिशप हिल

बिशप हिल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी इलिनॉय राज्याच्या वायव्य भागात, हेन्री काउंटीत असलेले एक लहान खेडे. स्वीडनच्या अधिकृत चर्चपासून फुटलेल्या एका धर्मपंथाने १८४६ मध्ये येथे सामायिक मालमत्तेची वसाहत स्थापन केली होती. लोकसंख्या १२८ (२०१०). ते शिकागोच्या नैर्ऋत्येस सु. २५० किमी. अंतरावर, साउथ एडवर्ड्‌स नदीजवळ वसलेले असून रेल्वेमार्गावरील गॅल्व्हा हे गाव येथून सु. ८ किमी. आहे. इलिनॉयच्या कायद्यात ‘व्हिलेज’ ही शहरापेक्षा वेगळी अशी नोंदणीकृत स्थानिक संस्था असून तिचा कारभार अध्यक्ष व विश्वस्त मंडळ पाहते. वस्तीच्या आकाराशी या संज्ञेचा संबंध थोडाच. शिकागोच्या उपनगरांत हजारो लोकवस्तीची ‘व्हिलेज’ आहेत. बिशप हिल मात्र दोन्ही अर्थांनी खेडेच होय.

भोवतालचा प्रदेश प्रेअरी गवताळ मैदानाचा. जमीन काळी व कसदार. मका आणि सोयाबीन ही आजची मुख्य पिके. वसाहतकाळात झाडी ओढ्यानाल्यांच्या काठी तेवढी असे, त्यामुळे लाकूड, पाणी आणि वाऱ्यापासून आडोसा देणारी घळ जेथे एकत्र मिळे तेथे वस्ती होई.

नाव : हे स्वीडनच्या उप्लांड प्रांतातील बिस्कोप्सकुल्ला या धर्मग्रामाच्या नावाचे इंग्रजी भाषांतर मानले जाते. वसाहतीचा संस्थापक एरिक यान्सन (१८०८–५०) याचा जन्म त्या धर्मग्रामातील लांट्सबेर्या येथे झाला. ‘बिस्कोप’ म्हणजे बिशप याविषयी शंका नाही; ‘कुल्ला’चा संबंध टेकडी या अर्थाच्या ‘कुल्ले’ शब्दाशी जोडतात. इलिनॉयमधील गावात मात्र नाव घेण्याजोगी टेकडी नाही, आणि बिशप तर तेथील पहिल्या रहिवाशांना मुळीच नको होते. स्थलवर्णनावरून नाव पडले असावे ही समजूत म्हणूनच टिकत नाही. संस्थापकाच्या आडनावाचे लेखनही एकसारखे नाही : यान्सन, जॅन्सन, जॉन्सन असे पाठ एकाच व्यक्तीसाठी आढळतात. गॅल्व्हा हे नावही स्वीडिशच. येव्ले या बंदराच्या नावाचा तो अपभ्रंश.

उगम : स्वीडनमध्ये १७२६ च्या अधिनियमाने पाद्रीविना खाजगी धर्मसभा भरविण्यास बंदी होती (ती १८५८ मध्ये उठली). यान्सन हा मूळचा शेतकरी. गव्हाचे पीठ विकण्याच्या निमित्ताने तो १८४३ च्या सुमारास हेल्सिंगलांड प्रांतात गेला आणि तेथील भाविक शेतकरी कुटुंबांत उपदेश करू लागला. खरा श्रद्धावंत पापापासून पूर्णतः मुक्त होतो, आणि बायबल असताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्याही प्रवचनग्रंथांची गरज नाही, अशी त्याची शिकवण होती. १८४४ मध्ये त्याच्या अनुयायांनी असे ग्रंथ जाहीरपणे जाळले. अटक, सुटका व पलायन असे प्रसंग झाल्यानंतर तो नॉर्वेमार्गे निसटून १८४६ मध्ये अमेरिकेस पोहोचला.

इलिनॉयच का, याचे उत्तर धर्मशास्त्रात नसून ओळखीपाळखीत आहे. १८४५ मध्ये पुढे पाठविलेल्या ओलोफ ओल्सन याला न्यूयॉर्क बंदरातील स्वीडिश मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) प्रचारक ओलोफ हेडस्ट्रॉम भेटला. त्याचा भाऊ योनास हा इलिनॉयच्या नॉक्स काउंटीतील व्हिक्टोरिया येथे लोहारकाम व धर्मप्रचार करीत होता. त्याच्या आधाराने जागा ठरली. पुढे यान्सनचे काही अनुयायी याच योनासच्या मेथडिस्ट मंडळीत गेले.

सामायिक मालमत्तेच्या उगमाविषयी दोन मते आहेत. वसाहतीच्या परंपरेप्रमाणे तो ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा कित्ता होता. दुसऱ्या मताप्रमाणे स्थलांतराच्या खर्चातून तो निघाला : शेतेभाते विकलेल्या सधन कुटुंबांनी पैसा एका निधीत टाकल्याखेरीज गरीब अनुयायांचे जहाजभाडे, कर्जफेड भागणे शक्य नव्हते. स्वीडनमधील यान्सनच्या आरंभीच्या उपदेशात सामायिक मालकीला फारसे स्थान दिसत नाही, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बायबलचा आधार व्यवस्थेला नंतर मिळाला असावा. पुढे रूढ झालेला ‘साम्यवादी वसाहत’ हा शब्दप्रयोग त्यामुळे जपूनच वापरावा लागतो.

स्थलांतरितांची एकूण संख्या सु. १,२०० ते १,५०० सांगितली जाते. वाटेत बुडालेली जहाजे व मध्येच गळालेली माणसे धरल्यास कोणताही नेमका आकडा देणे धाडसाचे ठरेल. न्यूयॉर्कहून कालव्याने व सरोवरांतून शिकागो आणि तेथून बहुतेकांनी पायी, असा मार्ग होता.

वसाहतकाळ (१८४६–६१) : पहिला हिवाळा घळीच्या उतारात खोदलेल्या मातीच्या खोपटांत गेला, त्यात ९६ माणसे दगावल्याचे जुन्या इतिहासांत नमूद आहे. १८४९ च्या पटकीत याहून अधिक बळी गेले. तरी काम थांबले नाही. जवसाच्या धाग्याचे कापड (लिनन) हे पहिले विक्रीचे उत्पादन. विणकाम मुख्यतः स्त्रियांचे. त्याखालोखाल झाडूंसाठी पिकविली जाणारी ज्वारीची एक जात (ब्रूमकॉर्न) महत्त्वाची ठरली. विटा गावातच भाजत. ‘बिग ब्रिक’ ही सु. ६० मी. लांबीची चारमजली सामायिक निवासाची इमारत १९२८ मध्ये जळाली.

१३ मे १८५० रोजी हेन्री काउंटीतील केंब्रिज येथील न्यायालयात जॉन रूट याने यान्सनचा गोळी घालून खून केला. रूटची पत्नी यान्सनची चुलत बहीण होती. वसाहत सोडताना रूटला तिला बरोबर नेता येईल की नाही, हा दोघांतील वाद. यान्सन पुन्हा उठेल या आशेने अनुयायी थांबून राहिले, अशी कथा सांगतात. त्या वेळी वसाहतीची एक तुकडी सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेली होती. तिच्यातील योनास ओल्सन बातमी कळताच परतला व पुढे प्रमुख झाला. १८५३ मध्ये राज्याच्या सनदेने सात विश्वस्तांची रीतसर संस्था स्थापन झाली. १८५४ मध्ये ब्रह्मचर्याचा नियम आला. त्याने असंतोष वाढला. विश्वस्त ओलोफ जॉन्सन याची रेल्वे व इतर व्यवहारांतील गुंतवणूक १८५७ च्या मंदीत बुडाली आणि १८६१ मध्ये मालमत्तेची वाटणी झाली. हिशेबांचे दावे १८७९ पर्यंत चालले. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) येथील स्वीडिश तरुणांची एक कंपनी ५७ व्या इलिनॉय पलटणीत लढली.

उत्तरकाळ : वाटणीनंतरची अनेक दशके सामान्य शेतकी खेड्याची आहेत. या काळात लक्षणीय ठरतो तो ओलोफ क्रान्स (१८३८–१९१६) हा स्वशिक्षित चित्रकार. तो १८५० मध्ये बालपणी येथे आला. युद्धानंतर गॅल्व्हा येथे घरे रंगविण्याचा व्यवसाय करी. वसाहतीच्या पन्नासाव्या वर्षाच्या (१८९६) सुमारास त्याने आठवणींतून चित्रे काढली : रांगेने मका पेरणाऱ्या स्त्रिया, दोर ओढून पुलाचे खांब ठोकणाऱ्या स्त्रिया, छायाचित्रांवरून केलेली वृद्धांची करडी व्यक्तिचित्रे. वसाहतीतील श्रमविभागणीचा पुरावा म्हणून ती वापरली जातात, पण मध्ये गेलेली चाळीस वर्षे ध्यानात ठेवावी.

वसाहतीचे चर्च (१८४८; वर प्रार्थनागृह, खाली राहण्याच्या खोल्या) १९४६ मध्ये राज्याकडे आले. खेडे १९८४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाले. डिसेंबरातील लुसिया हा स्वीडिश उत्सव आणि सप्टेंबरातील शेतकी जत्रा या वेळी गावात पर्यटकांची गर्दी होते. ग्रीक पुनरुज्जीवन शैलीतील ‘स्टीपल बिल्डिंग’च्या (१८५४) मनोऱ्यावरील घड्याळाला केवळ तासकाटा आहे, मिनिटकाटा का नाही याची स्पष्टीकरणे गावात बरीच मिळतात.