सर्व्हर आपला, आउटलुक त्यांचं, आणि मधे अडकलेलं कॅलेंडर

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याला किंवा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीला स्वतःचा मेल सर्व्हर टाकायचा असेल तर आता ते फार अवघड राहिलेलं नाही. लिनक्सवर मेल घ्या-द्यायला पोस्टफिक्स टाकायचं, मागं मेल साठवून वाचायला देणारं डोव्हकॉट, स्पॅमसाठी आरस्पॅमडी, लायसन्सचा खर्च शून्य, आणि मेल यायला-जायला लागतात. भानगड सुरू होते साहेबांच्या लॅपटॉपवर. साहेबांना मायक्रोसॉफ्टचं आउटलुकच पाहिजे असतं, आणि नुसते मेल नाही तर मीटिंग पाहिजेत, कॉन्टॅक्ट पाहिजेत, दुसऱ्याचं कॅलेंडर उघडून कोण कधी मोकळा आहे ते दिसायला पाहिजे, आणि हे सगळं फोनवर पण.

मेलपुरतं बघितलं तर काहीच अडत नाही. सर्व्हर एकमेकांशी बोलतात तो एसएमटीपी प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे ठरलेले नियम, १९८२ पासून सगळ्यांसाठी खुला आहे, आणि मेल वाचायचा आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ साली सुरू केला, तोही खुलाच. आउटलुकला आयमॅप येतं. पण आउटलुक मुळात ज्याच्याशी बोलायला बनवलंय तो मायक्रोसॉफ्टचा एक्सचेंज सर्व्हर, आणि त्या दोघांचं बोलणं मॅपी नावाच्या वेगळ्याच पद्धतीनं चालतं.

आयमॅपच्या नजरेत मेल म्हणजे फोल्डरमध्ये ठेवलेला मजकूर, वर कुणाकडून, कुणाला, विषय असल्या माहितीचे चार हेडर. मॅपीत मेल असो, मीटिंग असो की कॉन्टॅक्ट, प्रत्येक गोष्ट म्हणजे ढीगभर गुणधर्मांचा गठ्ठा, आणि प्रत्येक गुणधर्माला नंबर. मेलचा विषय म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये ००३७. म्हणजे खुल्या सर्व्हरला आउटलुकसमोर उभं राहायचं तर आपल्याकडचा साधा मजकूर ऐन वेळी या गठ्ठ्यात बदलून द्यावा लागतो, आणि आउटलुकनं त्यात काही बदल केला की तो परत मजकुरात उतरवून घ्यावा लागतो, तेही काही न सांडता.

सांडतं ते नेमकं कॅलेंडरमध्ये. धरा, साखर कारखान्याच्या अकाउंट ऑफिसात दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला पंधरवड्याच्या ऊसबिलाची मीटिंग लावायची आहे. आयकॅलेंडर हा खुला फॉरमॅट, त्यात हे एका ओळीच्या नियमात बसतं. आउटलुकच्या मासिक मीटिंगला मात्र एका मालिकेत एकच तारीख देता येते. मग सर्व्हरनं काय करायचं, एका मीटिंगच्या दोन करायच्या का? केल्या तर उद्या कुणी त्यातली एक रद्द केली की मूळ नोंदीचं काय? याचं सरळ उत्तर नाहीच, प्रत्येक प्रोजेक्टनं आपापली तडजोड केलेली असते.

वेळेचं तर विचारूच नका. मॅपीत मीटिंगच्या पुनरावृत्तीच्या तारखा १ जानेवारी १६०१ पासूनच्या मिनिटांत मोजून ठेवतात, लिनक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. हे निदान गणित आहे, सोडवता येतं. टाइमझोनची गंमत वेगळी: विंडोज आपल्या वेळेला ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणतं, बाकीची दुनिया ‘एशिया/कोलकाता’. दोन्हीची सांगड घालायला युनिकोडवाल्यांनी जुळणीचा तक्ता ठेवलाय. सर्व्हरला ते नाव ओळखता आलं नाही आणि त्यानं वेळ जागतिक वेळ म्हणून धरली, की सकाळी १० ची मीटिंग साडेतीनला जाऊन बसते. मीटिंग बरोबर साडेपाच तासांनी सरकलेली दिसली तर आधी इथंच बघायचं.

आता प्रश्न असा की हे सगळं बाहेरच्यांना कळलं कसं, कारण मॅपीचं वायरवरचं बोलणं बरीच वर्षं कुठं छापलेलंच नव्हतं. विंडोजच्या भाषेत फाइली देणारा सांबा नावाचा खुला सर्व्हर १९९२ मध्ये सुरू करणारे अँड्र्यू ट्रिजेल यांनी आपली पद्धत छान सांगितली होती: फ्रेंच येत नसेल तर फ्रेंच कॅफेत जाऊन बसा, कोण काय मागवतं आणि समोर काय येतं ते ऐकत राहा. नेटवर्कवरचे पॅकेट बघत बसायचं, दुसरं काय! मग युरोपियन कमिशननं २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोचा दंड केला आणि सर्व्हरचे प्रोटोकॉल उघड करायला लावले, २००७ मध्ये कोर्टानंही तो निर्णय उचलून धरला, आणि त्याच डिसेंबरात सांबावाल्यांना १०,००० युरो भरून कागदपत्रं मिळाली. २००८ मध्ये तर मायक्रोसॉफ्टनं एक्सचेंजचेही प्रोटोकॉल आपल्या साइटवर वाचायला ठेवले. हजारो पानं. पण पानं मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. ओपनचेंज या प्रोजेक्टनं सांबाच्या जोरावर मॅपी बोलणारा सर्व्हर उभा करायचा मोठा घाट घातला, तो पुढं थंडावला, आणि त्याच्याशी जोडलेलं सोगो हे मेल-कॅलेंडरचं खुलं सर्व्हर सॉफ्टवेअर मग अ‍ॅक्टिव्हसिंककडं वळलं. अ‍ॅक्टिव्हसिंक हा मुळात फोनसाठीचा आटोपशीर प्रोटोकॉल. आज ग्रोम्युनिओ हा खुला सर्व्हर मॅपी थेट बोलतो, पण तो सांभाळायला जाणता माणूस पाहिजे.

माझं मत विचाराल तर छोट्या ऑफिसानं मॅपीच्या नादी लागू नये. सोगोसारखा सर्व्हर, फोनला अ‍ॅक्टिव्हसिंक, आणि आउटलुकमध्ये कॅलडॅव्ह (कॅलेंडर जुळवायचा खुला प्रोटोकॉल) बोलणारं कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर हे फुकट प्लगइन, एवढ्यावर भागतं. पण हे प्लगइन जुन्या आउटलुकमध्येच चालतं. नव्या आउटलुकनं असल्या प्लगइनचा दरवाजाच बंद केलाय, आणि आयमॅपचं खातं जोडलं तरी मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून फिरवून आणतं. स्वतःचा सर्व्हर कशासाठी टाकला होता मग? साहेबांचा लॅपटॉप बदलायच्या आधी हे त्यांच्या कानावर घाला.

उलट बाजूनं पण तीच कसरत चालू आहे. सर्व्हर एक्सचेंज आणि मेल वाचायचा प्रोग्रॅम (क्लायंट) खुला असेल तर डेव्हमेल नावाचा दुभाषा मधे बसवता येतो, आणि थंडरबर्ड या खुल्या मेल क्लायंटला २०२५ मध्ये एक्सचेंजच्या मेलशी ईडब्ल्यूएस या एक्सचेंजच्याच दुसऱ्या प्रोटोकॉलनं थेट बोलता यायला लागलं. तोवर मायक्रोसॉफ्टनं आपल्या क्लाउडवर ऑक्टोबर २०२६ पासून ईडब्ल्यूएस बंद करायला घेणार असल्याचं जाहीर करून ठेवलं होतं, त्यामुळं थंडरबर्डवाले आता मायक्रोसॉफ्टच्याच ग्राफ नावाच्या पुढच्या प्रोटोकॉलच्या मागं लागलेत.