नर्सिंग आणि पॅरामेडिकच्या अभ्यासक्रमातले तास आले कुठून?

नर्सिंगची किंवा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनची (रुग्णवाहिकेवर प्राथमिक उपचार करणारा; पॅरामेडिक ही त्याच्या वरची पायरी) माहितीपुस्तिका उघडली की आधी डोळ्यांत भरतो तो तासांचा तक्ता. थिअरीचे इतके, प्रात्यक्षिकाचे इतके, क्लिनिकलचे म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांजवळच्या कामाचे इतके. शरीररचना, औषधं, जंतुसंसर्ग, सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून, श्वास देऊन त्याला वाचवणं) हे विषय दोन्हीकडे आहेत, पण तासांची वाटणी पाहिली तर जमीन-अस्मानाचा फरक. ही वाटणी शिक्षणतज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेली नाही. नर्सचं प्रशिक्षण वाढवलं ते रुग्णालयांनी, आणि त्यांना वॉर्डात राबणारे हात हवे होते. रुग्णवाहिकेवरच्या माणसासाठी अमेरिकेत पहिला राष्ट्रीय अभ्यासक्रम काढला तो चक्क वाहतूक खात्याने, कारण त्यांना रस्त्यावरचे मृत्यू कमी करायचे होते. ज्याने खर्च केला त्याची गरज अभ्यासक्रमात उतरली, आणि ती अजून पुरती पुसली गेलेली नाही.

जर्मनीत कायझर्सवर्थ इथे थिओडोर फ्लीडनर या पाद्र्याने १८३६ मध्ये सेवाभावी स्त्रियांना रुग्णसेवा शिकवणारी संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथे सुमारे तीन महिने राहून शिकल्या. क्रिमियन युद्धानंतर त्यांच्या नावाने लोकवर्गणीतून ४४ हजार पौंडांहून थोडा जास्त निधी जमला आणि त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण शाळा उघडली. शाळेला स्वतःचा पैसा होता, ही बाब महत्त्वाची. पुढे तिची नक्कल करणाऱ्या बहुतेक शाळांकडे नेमका तोच नव्हता.

त्या शाळेत उमेदवारांना काय यायला हवं याची यादी आजही वाचण्यासारखी आहे. जखमा आणि भाजलेल्या जागा बांधणं, जळवा लावणं, एनिमा देणं, स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाला कुशीवर वळवणं, पाठीला जखमा होऊ न देणं, रुग्ण अंथरुणावर असतानाच खालची चादर बदलणं, आजाऱ्यासाठी पेज आणि पुडिंग करणं, खोलीत हवा खेळती ठेवणं. मग येते निरीक्षणाची यादी: नाडी, त्वचा, भूक, श्वास, झोप, शुद्ध, औषधाचा परिणाम. जळवा आणि पुडिंग वगळलं तर यातलं बरंच आजच्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत जसंच्या तसं आहे. याच्या जोडीला वर्तणुकीचा स्वतंत्र तक्ता असे: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप. मेट्रन, म्हणजे रुग्णालयातली मुख्य परिचारिका, तो दरमहा भरत असे. आजच्या क्लिनिकल मूल्यमापनात ‘प्रोफेशनल बिहेविअर’ म्हणून जो रकाना असतो, तो मला त्याचाच वंशज वाटतो.

अमेरिकेत १८७३ मध्ये न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बोस्टन इथे याच धर्तीवर शाळा निघाल्या. त्याच वर्षी बोस्टनच्या आणखी एका रुग्णालयातून लिंडा रिचर्ड्स प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. त्या अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित नर्स मानल्या जातात. त्यांनी नंतर सांगितलेलं वाचलं की तेव्हाचं ‘शिक्षण’ म्हणजे काय ते कळतं. पहाटे साडेपाचला उठायचं, रात्री नऊला वॉर्डातून निघायचं, झोपायचं वॉर्डांच्या मधल्या छोट्या खोल्यांत, म्हणजे रात्रीही रुग्ण तिच्याच गळ्यात. पाठ्यपुस्तक नाही. आणि औषधांच्या बाटल्यांवर नावांऐवजी नुसते आकडे, जेणेकरून आपण काय देतोय हे मुलींना कळू नये! आज औषधशास्त्र हा नर्सिंगमधला सर्वांत धडकी भरवणारा पेपर आहे, त्याची सुरुवात ही अशी.

राबणारे विद्यार्थी स्वस्त पडतात हे रुग्णालयांच्या लवकर लक्षात आलं. अमेरिकेत १८८० मध्ये अशा १५ शाळा होत्या, १९०० पर्यंत त्या ४३२ झाल्या. एवढ्या झपाट्याने शिक्षणाची ओढ वाढत नसते. ज्या वॉर्डात माणूस कमी तिथे विद्यार्थिनी पाठवायची. प्रसूती विभाग तिच्या वाट्याला आलाच नाही तरी तीन वर्षांनी प्रमाणपत्र हातात. या गोंधळाला दोन बाजूंनी लगाम बसला. एक, नोंदणीचा कायदा: न्यूझीलंडने १९०१ मध्ये तो केला, ब्रिटनने १९१९ मध्ये. नोंदणी आली की परीक्षा आली आणि परीक्षेबरोबर किमान अभ्यासक्रम. दुसरा लगाम विद्यापीठांचा. ॲडलेड नटिंग १९०७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात नर्सिंगच्या जगातल्या पहिल्या प्राध्यापक झाल्या. अमेरिकेतल्या नर्सिंग शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचं शिक्षण यांची गल्लत होते आहे, हे स्पष्ट मांडलं. येल विद्यापीठाची नर्सिंग शाळा त्याच वर्षी सुरू झाली.

तरी रुग्णालयांच्या शाळा बंद पडायला आणखी अर्धशतक लागलं. वळण आलं १९५० च्या दशकात. मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत नर्स घडवता येईल असं मांडलं आणि १९५२ पासून मोजक्या महाविद्यालयांत प्रयोग करून दाखवलं. इथे विद्यार्थी वॉर्डात जाई तो शिकायला. रुग्णालयाच्या ड्युटीच्या तक्त्यात त्याचं नाव नसे. आपण आज जिला क्लिनिकल पोस्टिंग म्हणतो ती कल्पना अशी पक्की झाली. युरोपने पुढे आकडाच बांधून टाकला: १९७७ च्या निर्देशानुसार तीन वर्षं किंवा ४६०० तास, आणि १९८९ च्या दुरुस्तीने त्यात किमान एक तृतीयांश थिअरी आणि किमान निम्मं क्लिनिकल.

आता रुग्णवाहिकेकडे वळू. प्रथमोपचाराचे वर्ग १८७० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स संघटना घेत होती, पण ते सर्वसामान्यांसाठी. रुग्णवाहिकेवरच्या माणसाला काय यायला हवं, हा प्रश्न फारसा कुणी विचारतच नव्हता. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल आला. आदल्या वर्षी अपघातांत १,०७,००० माणसं दगावली होती. आणि देशातली निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक चालवत होते, कारण माणसाला आडवं नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच होती. त्याच वर्षी महामार्ग सुरक्षा कायदा झाला आणि जबाबदारी आपसूक वाहतूक खात्याकडे गेली. त्यातून निघाला ८१ तासांचा अभ्यासक्रम. बराचसा वर्गातला, रुग्णालयातले तास मोजकेच. आघात, रक्तस्राव, फ्रॅक्चर, गाडीतून माणूस बाहेर काढणं यांवर भर. दीर्घ आजार, वृद्ध, मनोरुग्ण यांना जागा कमी. आज रुग्णवाहिकेला येणाऱ्या हाकांत अपघातांपेक्षा आजारपणाचेच फोन जास्त असतात, तेव्हा या जन्मखुणेचा त्रास कळतो.

खरं तर हा अभ्यासक्रम निघण्याआधीच पिट्सबर्गमध्ये वेगळं घडत होतं. कृत्रिम श्वास देण्याची पद्धत रुजवणारे डॉ. पीटर सफार यांनी १९६७ मध्ये ‘फ्रीडम हाउस’ रुग्णवाहिका सेवेसाठी शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीतले बेरोजगार तरुण निवडले आणि त्यांना सुमारे ३०० तास शिकवलं: शरीररचना, शरीरक्रिया, सीपीआर, शुश्रूषा, गाडी सुरक्षित चालवणं. डॉ. नॅन्सी कॅरोलाइन पुढे तिथे वैद्यकीय प्रमुख झाल्या, आणि अमेरिकेचा पहिला राष्ट्रीय पॅरामेडिक अभ्यासक्रम त्यांनीच लिहिला. शहराने मात्र १९७५ मध्ये ती सेवाच गुंडाळली. ज्यांच्यावर अभ्यासक्रम घडला त्यांपैकी बहुतेकांना नव्या सेवेत धड स्थान मिळालं नाही, हे या इतिहासातलं लाजिरवाणं पान आहे.

बेलफास्टमध्ये १९६६ मध्ये डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज यांनी डीफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र) गाडीत चढवला तेव्हा सोबत डॉक्टर आणि नर्स जात. फ्रान्सने डॉक्टर गाडीतच ठेवला. अमेरिकेने त्याच्या जागी पॅरामेडिक घडवला. म्हणूनच पॅरामेडिकचा अभ्यासक्रम देशागणिक इतका वेगळा दिसतो.

दोन्ही वाटा एकत्र येतात त्या डमीपाशी. अमेरिकेतल्या हार्टफर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत १९११ मध्ये माणसाएवढी बाहुली आली, ‘मिसेस चेस’. ती बनवली होती मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंनी. उचलणं, वळवणं, कपडे बदलणं तिच्यावर शिकवलं जाई, आणि काही वर्षांत तिच्या दंडात इंजेक्शनची जागाही आली. १९६० मध्ये सीपीआरची ‘रेसुसी ॲन’ आली, तीही नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्याकडून. छाती दाबता यावी म्हणून आत स्प्रिंग घालायला सुचवलं ते सफार यांनीच. एकीने नर्सचा हात बसवला, दुसरीने पॅरामेडिकचा, आणि दोघींचे निर्माते वैद्यकाबाहेरचे.

तासांचा वाद आता या डमीवरूनच चालतो. अमेरिकेतल्या नर्सिंग परिषदांच्या राष्ट्रीय मंडळाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास दर्जेदार सिम्युलेशनने, म्हणजे डमीवरच्या खऱ्यासारख्या सरावाने, भरले तरी निकालात लक्षणीय फरक दिसला नाही. खरा अडथळा खर्चाचा आणि प्रशिक्षित शिक्षकांचा. डमी कोपऱ्यात धूळ खात पडलेली आणि लॉगबुकात मात्र तास भरलेले, असं व्हायला वेळ लागत नाही. आपत्कालीन सेवेत अमेरिकेने २००९ मध्ये ठरीव तासांऐवजी कौशल्याला महत्त्व देणारे शैक्षणिक निकष आणले. जर्मनीने २०१४ मध्ये तीन वर्षांचं प्रशिक्षण बंधनकारक केलं, तर ब्रिटनमध्ये पॅरामेडिक नोंदणीसाठीच्या अभ्यासक्रमांची किमान पातळी २०२१ पासून पदवीची झाली. अनुभवी पॅरामेडिकला नर्सिंगकडे नेणारे जोड-अभ्यासक्रमही निघाले आहेत. त्यांत शरीररचनेचं आणि औषधशास्त्राचं श्रेय बऱ्याचदा मिळतं. भर पडते ती दिवसचे दिवस एकाच रुग्णाकडे पाहण्याच्या कामाची, जे ८१ तासांत कधी नव्हतंच.