विश्वसनीयता आणि सप्रमाणता: एनएबीएच तपासणीत घोळ कुठे होतो

एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था. तिचे दोन असेसर (तपासनीस) एकाच वॉर्डात वेगवेगळे गेले तर गुण सारखेच देतील का? ही विश्वसनीयता. त्या गुणांवरून रुग्ण तिथे खरंच सुरक्षित आहे का हे कळतं का? ही सप्रमाणता. बीएडवाल्यांना हे दोन्ही शब्द पाठ असतात. हॉस्पिटलच्या क्वालिटी मीटिंगमध्ये मात्र दोन्हींना सरसकट 'रिलायबल' म्हणून मोकळे होतात.

फार्मसीतला फ्रिज घ्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार, त्यात भरदुपारी लाइट जाते. तरी रजिस्टरमध्ये महिनाभर रोज तीनदा '४ अंश', एकाच पेनाने, एकाच हाताने. 'तापमानाची नोंद आहे का?' या प्रश्नावर दोन्ही असेसर टिक करतील. विश्वसनीयता पूर्ण, सप्रमाणता जवळपास शून्य. नोंदवहीऐवजी मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान धरून ठेवणारा) बघितला असता तर दुपारचा १२ अंश तिथेच सापडला असता.

आता विश्वसनीयतेकडे. इथे लोक टक्केवारीला भुलतात. समजा, दोघांनी ५० मुद्दे तपासले. ४२ वर दोघंही 'आहे' म्हणाले, २ वर दोघंही 'नाही', ३ वर फक्त पहिला 'आहे' म्हणाला, ३ वर फक्त दुसरा. एकमत ४४ मुद्द्यांवर, म्हणजे ८८ टक्के. झकास! पण दोघंही ९० टक्के वेळा 'आहे'च म्हणतात. मग न बघता टिका मारल्या तरी ०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१, म्हणजे ८२ टक्के जुळणारच. ८२ च्या वरच्या १८ पैकी कमाई फक्त ६. हाच कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वगळून उरलेल्या एकमताचं माप: ६ भागिले १८, म्हणजे ०.३३, बेताचाच. कप्पा बाजूला ठेवला तरी उणीव किमान एकाला दिसली असे मुद्दे ८, आणि त्यांतल्या फक्त २ वर दोघं एक. हॉस्पिटल सुधारायचं ते या ८ वरूनच.

एनएबीएचच्या २०२० च्या पाचव्या आवृत्तीत ०, ५, १० ही जुनी गुणपद्धत जाऊन १ ते ५ आली. बारकावा वाढला, तशी ३ द्यायचे की ४ यावर वादाला जागाही वाढली. अशा गुणांना साधा कप्पा लावू नका, भारित (मोठ्या फरकाला जास्त वजन देणारा) लावा; ३-४ चा फरक आणि १-५ चा फरक सारखा नसतो.

अंतर्गत ऑडिटमध्ये दोन्ही गोष्टी तपासता येतात. आयपीडी (भरती रुग्णांच्या) रजिस्टरमधून दर सातवी फाइल काढा, एकूण २०. 'चांगल्या फाइली काढून ठेवल्यात' असं कोणी म्हणालं तर त्या नम्रपणे परत करा. दोघांनी वेगळं बसून गुण द्यावेत, चहासुद्धा नंतर, कारण आधी बोलणं झालं की एकमत फुकटात वाढतं. जिथे जुळलं नाही, तिथे मुद्द्याची व्याख्या लिहून काढा. एवढ्याने विश्वसनीयता सुधारते.

सप्रमाणतेसाठी कागद सोडून खाटेपाशी जावं लागतं. संमतीपत्रावर सही आहे, पण छापील मजकूर मराठीत आणि पेशंट सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आजी, किंवा अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा शेतकरी. पेशंटच्या भाषेत विचारा: ऑपरेशन कशाचं, धोका काय, दुसरा उपाय सांगितला होता का? दुभाषी मात्र त्याच वॉर्डची सिस्टर नको.